कोऱ्या पाटीवरचे सूर

आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे सर्वांत शेवटी जो उठेल त्याची वर्षभर थट्टा व्हावयाची, अशी जुनी रीत आहे. गेल्या वर्षी हा मान माझ्या भाच्याने पटकावला. तो पुण्यास चिपचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत तो आमच्या बैठकीच्या खोलीत पानाच्या डब्याएवढ्या एका पेटीशी झटापट करीत बसला होता. फराळ आटोपल्यावर त्याने मला मोठ्या आदबीने खुर्चीत बसविले आणि म्हणाला, "मामा, डोळे मिटून ऐका. आजोबांची टेप लावतो."

ही टेप आमच्या घरची ठेव आहे. वडील मिरजेचे, गाण्याचे वेडे. १९६८ च्या दिवाळीत शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून त्यांनी एक भूपाळी म्हटली. आरंभी ते हलकेच खाकरतात. मध्येच स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातून तांब्या पडतो. वडील न थांबता गात राहतात. टेप चिकटू लागली तेव्हा भाच्यानेच ती आकड्यांत उतरवून घेतली. मूळ फीत आता कपाटात आहे. आम्ही ऐकतो ते आकडे.

"ही जुनी रचना," असे म्हणून त्याने भूपाळी एकदा ऐकविली. मग संगणकावर काही कळा दाबल्या आणि "ही नवी," म्हणून पुन्हा ऐकविली. दुसऱ्या खेपेस वडील हातभर पुढे सरकून बसल्यासारखे मला वाटले. त्यांचे खाकरणेसुद्धा अगदी कानाशी आले. तसे मी सांगितले, जरा गहिवरूनच सांगितले. भाचा ओशाळला. "मामा, रागावू नका. दुसऱ्या वेळी मी काहीच बदललं नव्हतं. तुमची परीक्षा घेतली."

सत्तरीच्या उंबरठ्यावर परीक्षेत नापास होणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे. पण त्या फजितीतून मला एक कुतूहल जडले. आकड्यांचा आवाज करणारी ही पेटी आहे तरी काय, आणि तिची 'रचना' घरबसल्या एका रात्रीत बदलता येते म्हणजे काय? पुढे कित्येक दिवस मी भाच्याला छळले, स्वतःही थोडे वाचले. हाती जो इतिहास आला तो वाचकांपुढे ठेवतो.

वडील कोणतेही साल सांगताना गाण्याची खूण सांगत. १९३७ हे त्यांच्या लेखी 'खाँसाहेब गेले ते साल'. अब्दुल करीम खाँसाहेब त्या ऑक्टोबरात पाँडिचेरीच्या वाटेवर एका रेल्वे-स्टेशनात वारले, तेव्हा वडील बारा वर्षांचे होते. योगायोग असा की, ज्या वर्षी तो सूर थांबला त्याच वर्षी पॅरिसमध्ये अलेक रीव्ह्ज नावाचा एक इंग्रज इंजिनिअर, सूर खरखरीवाचून दूर कसा न्यावा याचा विचार करीत होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोनात वाटेत ठिकठिकाणी आवाज मोठा करावा लागे आणि दर ठिकाणी आवाजाबरोबर खरखरही मोठी होई. रीव्ह्जला सुचले की, आवाज पाठवूच नये. त्याची उंची क्षणोक्षणी मोजावी आणि ते आकडे विजेच्या ठोक्यांनी धाडावेत. ठोका आहे किंवा नाही, एवढेच पलीकडच्याने ओळखावयाचे. ओळखता आला की तो पुन्हा कोरा करकरीत करून पुढे पाठविता येतो. खरखर मागेच राहते. १९३८ मध्ये त्याने फ्रान्समध्ये या युक्तीचे पेटंट घेतले.

पण हे करावयाचे कशाने? तो व्हॉल्व्हचा जमाना. महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने गुप्त संभाषणासाठी आवाजाचे आकडे करणारे 'सिगसॅली' नावाचे यंत्र उभे केले. एका ठिकाणच्या यंत्राचे वजन ५० टनांहून अधिक भरले! रोजच्या टेलिफोनात ही पद्धत शिरली ती ट्रान्झिस्टर आल्यावर, अमेरिकेत १९६२ मध्ये. तोवर रीव्ह्जच्या पेटंटची मुदतही सरली होती. १९६९ साली ब्रिटिश टपालखात्याने या पद्धतीच्या गौरवार्थ तिकीट काढले आणि १९७१ साली रीव्ह्ज वारला. कल्पना माणसाच्या मनात एका संध्याकाळी येते. कारखाना तिच्यापर्यंत पोहोचावयास पाव शतक लागते. हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण माझ्या भाच्याच्या पेटीचा सारा इतिहास या अंतराचाच आहे.

आवाजाचे आकडे करणे हे झाले निम्मे काम. आकड्यांचा पुन्हा आवाज करावयाचा हे उरलेले निम्मे. ते करणाऱ्या यंत्राला डिजिटल-टू-अॅनलॉग कन्व्हर्टर, थोडक्यात 'डॅक', म्हणतात. ते समजावयास आपल्या जुन्या वाण्याचा तराजू पुरे आहे. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक: प्रत्येक वजन आधीच्या वजनाच्या निम्मे. या पाच वजनांत एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणतेही माप होते. डॅकमध्ये वजनांच्या जागी विजेचे लहानमोठे प्रवाह असतात. आकडा ज्या वजनांची नावे घेईल ती पारड्यात टाकावयाची, की त्या क्षणीचा आवाज तयार.

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तीत दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा सोळा वजनांचा, म्हणजे ६५,५३६ मापांपैकी एक. आता अडचण पाहा. शेराच्या वजनातच छटाकाची खोट असेल, तर छटाकाला कोण विचारतो? सोळा वजनांच्या तराजूत थोरले वजन धाकट्याच्या ३२,७६८ पट असते. म्हणजे ते तीस हजारांत एका भागाहूनही अधिक अचूक हवे. फिलिप्स कंपनीजवळ त्या वेळी चौदाच वजनांची चिप तयार होती, आणि सोनीच्या आग्रहाने डिस्क मात्र सोळा वजनांची ठरली. फिलिप्सच्या इंजिनिअरांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी आकडे चौपट वेगाने, सेकंदाला १,७६,४०० असे, तराजूकडे धाडले आणि प्रत्येक वेळी मापात न बसलेली बाकी पुढच्या आकड्यात मिळविली. चौदा वजनांच्या तराजूवर सोळा वजनांचे माप झाले.

बाकी पुढे ओढण्याची ही युक्ती आपल्या गवळ्यालाही ठाऊक आहे. समजा, त्याच्याजवळ एक लिटरचेच माप आहे आणि तुमचा रतीब पाऊण लिटरचा. तो तीन दिवस लिटर-लिटर घालील आणि चौथ्या दिवशी येणारच नाही. रोजचा हिशेब चुकला, चार दिवसांचा बिनचूक. बेल प्रयोगशाळेतील कटलरने १९५४ मध्ये या जातीच्या कल्पनेचे पेटंट मागितले होते. १९६२ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी तिला डेल्टा-सिग्मा हे नाव देऊन नीट मांडले. हा रतीब सेकंदाला लाखो वेळा घातला, तर सोळा वजनांची गरजच उरत नाही. एकच माप, घालावयाचे किंवा नाही. ही युक्ती करणाऱ्या चिपा १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या, स्वस्त झाल्या, आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आज आपल्या खिशातल्या टेलिफोनातही गात असतात.

मग तक्रार कोणाची? तक्रार होती ती कारखाना नसलेल्या माणसाची. चिप हा शिलालेख आहे. एकदा कोरला की कोरला. आणि कोरण्याचा खर्च असा की, लाखांनी नग खपणार असतील तरच परवडावे. एखाद्याला रतीब घालण्याची निराळी रीत सुचली, तर त्याने ती वहीत लिहून ठेवावी आणि बाजारात मिळेल ती चिप विकत घ्यावी. जगात डॅकच्या पेट्या शेकड्यांनी निघाल्या, पण झाकण उघडले की आत चार-पाच मोठ्या कंपन्यांच्याच चिपा दिसत.

या गोष्टीवर उतारा निघाला तो गाण्याशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी. १९८४ साली कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे रॉस फ्रीमन, बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट आणि जेम्स बार्नेट या तिघांनी झायलिंक्स नावाची कंपनी काढली. फ्रीमनचे म्हणणे असे की, चिप कोरून विकू नये, कोरी विकावी. तीत लहान लहान घरे असावीत, घराघरांत जाणाऱ्या वाटा असाव्यात; आणि कोणत्या घराने काय करावे, कोणती वाट उघडी ठेवावी, हे घेणाऱ्याने आपल्या टेबलापाशी बसून ठरवावे. प्रत्येक घर म्हणजे पावकी-निमकी पाठ असलेला जुना गुमास्ता. तो हिशेब करीत नाही. प्रश्न आला की पाठ उत्तर देतो. चार तारांवरून येणारे 'हो-नाही'चे सोळा प्रकार. त्या सोळांची उत्तरे लिहून दिली की घर कामाला लागले. उत्तरे पुसून दुसरी लिहिली की तेच घर दुसरे काम करते. १९८५ मध्ये अशी पहिली चिप आली, एक्ससी२०६४. तीत ६४ घरे होती.

या जातीच्या चिपेचे नाव 'फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अॅरे'. मी प्रथम ऐकले तेव्हा शेतीचे काही अवजार असावे असे वाटले होते. भाच्याने खुलासा केला की, येथे 'फील्ड' म्हणजे कारखान्याबाहेरचे सारे जग. अशा चिपेत वाटा आणि घरे यांतच इतके ट्रान्झिस्टर खर्ची पडतात, की जाणत्यांना ती उधळपट्टी वाटावी. फ्रीमनचा हिशेब निराळा होता: ट्रान्झिस्टर वर्षागणिक स्वस्त होत जाणार, तेव्हा उद्याची उधळपट्टी ही उधळपट्टीच नव्हे. मौज म्हणजे झायलिंक्सजवळ स्वतःचा कारखाना नव्हताच. तिच्या आरंभीच्या चिपा जपानात सेइकोने बनविल्या. फ्रीमन १९८९ मध्येच गेला. अमेरिकेतील संशोधकांच्या राष्ट्रीय मानमंदिरात त्याचे नाव लागले २००९ साली. रीव्ह्जप्रमाणे त्यालाही आपल्या कल्पनेचे पुरते पीक पाहता आले नाही.

कोरी चिप हाती आल्यावर ज्यांच्या वह्यांत कल्पना पडून होत्या ती माणसे कामाला लागली. इंग्लंडात केंब्रिज येथे १९८७ साली डीसीएस ही संस्था निघाली. लढाऊ विमानांच्या रडारसाठी आवाजाचे नव्हे तर लहरींचे आकडे करणे हे तिचे आरंभीचे काम. तीच विद्या तिने संगीताकडे वळविली. तिच्या 'रिंग डॅक'ची कल्पना वाण्याच्या भाषेत सांगतो: शेर-अच्छेर ठेवूच नका, सारी वजने सारखी ठेवा, पण एकही तंतोतंत नसणार, म्हणून दर वेळी निराळी उचला. मग कोणत्याही एका वजनाची खोट एकाच ठिकाणी साचून कानाला बोचत नाही. ती बारीक, अविरत सळसळ होऊन विखुरते. कोणती वजने केव्हा उचलावयाची, हा हिशेब कोऱ्या चिपेत लिहिलेला.

दुसरा माणूस रॉब वॉट्स. त्याचे वेड समजावयास एक गैरसमज आधी काढून टाकला पाहिजे. पुष्कळांना वाटते, आकड्यांचा आवाज म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्या; दोन पट्ट्यांमधली मींड गेलीच. मलाही तसेच वाटे. परंतु क्लॉड शॅनन याने १९४९ च्या निबंधात सिद्ध केले आहे की, आवाजातील सर्वांत वेगाचे कंपन आकड्यांच्या निम्म्या वेगाहून कमी असेल, तर दोन आकड्यांमधली सारी वक्र रेषा त्या आकड्यांतच पुरती दडलेली असते. मींड हरवत नाही. फक्त ती अचूक काढावयास मागचे आणि पुढचे सारे आकडे विचारात घ्यावे लागतात, अगदी अनंतापर्यंत. व्यवहारात कोठे तरी थांबावे लागते. तयार चिपांत शे-दोनशे शेजाऱ्यांना विचारून काम भागवीत. वॉट्सचे म्हणणे, ते पुरेसे नाही. अधिक शेजारी विचारा.

कारखान्यात असे कोणी ऐकून घेतले नसते. वॉट्सने ऐकविले ते कोऱ्या चिपेला. केंट परगण्यात मेडवे नदीकाठी एका जुन्या पाणी-उपसा केंद्राच्या इमारतीत कॉर्ड इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी आहे. तिच्यासाठी त्याने केलेल्या 'डॅक ६४' या २००१ च्या यंत्रात १,०२४ शेजाऱ्यांची सोय होती. कोऱ्या चिपा मोठ्या होत गेल्या तसा तो आकडा वाढवीत गेला: २०१४ च्या 'ह्यूगो'त २६,३६८, २०१५ च्या 'डेव्ह'मध्ये १,६४,०००, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत १०,१५,८०८. रीव्ह्जला पाव शतक तिष्ठावे लागले होते. वॉट्सला प्रत्येक पायरीवर फक्त पुढची मोठी पाटी बाजारात येण्याची वाट पाहावी लागली.

अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डर गावच्या पीएस ऑडिओने २०१४ मध्ये टेड स्मिथच्या रचनेचा 'डायरेक्टस्ट्रीम' काढला. त्यात तयार डॅक-चिप नाहीच. कोऱ्या चिपेत लिहिलेला हिशेब साऱ्या आकड्यांचा एकेरी रतीब करतो, सेकंदाला ५६ लाखांवर वेळा. पुढे कंपनीने त्या हिशेबाच्या नव्या नव्या आवृत्त्या गिऱ्हाइकांना घरपोच, फुकट दिल्या आणि त्यांना कोलोरॅडोच्या उंच शिखरांची नावे ठेवली: पाइक्स पीक, टॉरिस, स्नोमास, सनलाइट. पेटी तीच, तारा त्याच, आतला तराजू मात्र नवा. वाद्य विकत घेतल्यावर कारागिराने वर्षावर्षाने घरी येऊन जवारी काढून द्यावी, तसा हा प्रकार.

कोरलेल्या चिपेवर सारे जग टेकून राहिले की काय होते, याचा धडा २०२० मध्ये मिळाला. जपानात क्यूशू बेटावर नोबेओका येथे असाही कासेई मायक्रोडिव्हाइसेसचा कारखाना होता. जगातील नामांकित डॅक-चिपांपैकी कित्येक तेथे होत. २० ऑक्टोबरला, आपल्या त्या वर्षीच्या दिवाळीआधी साडेतीन आठवडे, त्याला आग लागली आणि ती काही दिवस धुमसत राहिली. एका इमारतीच्या आगीने देशोदेशींच्या यंत्रकर्त्यांना आराखडे मोडून नव्याने मांडावे लागले. ज्यांचा तराजू कोऱ्या चिपेत लिहिलेला होता, त्यांच्यावर ही पाळी आली नाही. पण त्यांनी फार मिरवावे असेही नाही. पुढच्याच वर्षी जगभर चिपांचा दुष्काळ पडला, आणि कोऱ्या पाट्याही दुर्मिळ नि महाग झाल्या. पाटी कोरी असली तरी ती कोणत्या तरी कारखान्यातच घडते.

आता मुख्य प्रश्न. या साऱ्या खटाटोपाने आवाज खरोखर चांगला होतो काय? लाखो शेजारी विचारल्याने गाणे जिवंत होते, असे शपथेवर सांगणारे आहेत. आजची उत्तम तयार चिपही माणसाच्या कानाच्या पलीकडे गेलेली आहे, असे मोजमापे दाखवून सांगणारेही आहेत. मी कोणत्या तोंडाने निवाडा द्यावा? ज्याला न बदललेल्या पेटीत वडील जवळ आलेले दिसले, त्याची साक्ष कोण मानील!

परंतु त्या सकाळची गोष्ट तेथे संपली नाही. माझी फजिती करून झाल्यावर भाच्याने खरोखरीची नवी रचना चढविली, रात्री दोनपर्यंत जागून केलेली. भूपाळी पुन्हा लागली. मी या वेळी अगदी सावध, आणि मला काहीच फरक कळला नाही. वडिलांचा सूर तार षड्जावर गेला आणि स्वयंपाकघरातून आमची सौ. म्हणाली, "अहो, ते काय तडकलं?"

आम्ही दोघांनी पुन्हा लावून पाहिले. खरेच, त्या उंच स्वरावर एक बारीक 'तड्' असा आवाज होता. भाच्याचा चेहरा उतरला, मग उजळला. टेप उतरविताना त्याने आवाज अगदी काठोकाठ भरला होता. दोन आकड्यांच्या मधली रेषा कधी कधी दोन्ही आकड्यांहून उंच जाते. तेथे त्याच्या हिशेबात बेरीज मावली नाही, आणि मोटारीच्या मैलमापकावर नऊ-नऊ-नऊनंतर शून्य यावे तशी ती उलटून तळाला गेली. "कारखान्यात कोरली असती ना मामा, तर ही तड् जन्मभराची झाली असती," असे म्हणून तो पुन्हा पेटीशी बसला. मावण्यासाठी वर थोडी जागा सोडली, हिशेब पुन्हा लिहिला. तासाभराने पेटी पुन्हा गाऊ लागली, आणि तार षड्ज स्वच्छ आला.

मला वाटते, कोऱ्या पाटीचे खरे देणे हे आहे. ती आवाज दैवी करते की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे; पण तिच्यावर केलेली चूक पुसता येते, आणि ती पुसावयास कारखान्याचा मालक असावे लागत नाही. मला गौरव ऐकावयाचा होता, म्हणून नसलेला फरक ऐकू आला. सौ.ला काहीच ऐकावयाचे नव्हते. ती करंज्या डब्यात भरीत होती, म्हणून तिला असलेली चूक ऐकू आली.

संध्याकाळी दिवे लावल्यावर सगळ्यांनी मिळून भूपाळी ऐकली. आरंभी वडील खाकरले. मध्ये तांब्या पडला. तो कोणाच्या हातून पडला होता यावर घरात दरवर्षी वाद होतो, तसा याही वर्षी झाला.